थरमध्ये एकट्याने बाइक: वाळूपेक्षा डांबराची आणि घड्याळाची काळजी करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचा एक तरुण, गाडी रॉयल एन्फिल्डची क्लासिक ३५०, तारांची चाकं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून दहा दिवसांची रजा मिळाली आहे आणि एकट्याने जैसलमेर आणि पुढे पाकिस्तान सीमेलगतचं तनोट, लोंगेवाला करून यायचं आहे. आजवर एकट्याने मारलेला सगळ्यात लांबचा पल्ला म्हणजे गोवा. विचारलंय ते एवढंच: वाळूसाठी बटन टायर (मोठ्या गाठींचे, कच्च्या रस्त्याचे) घालू का, पेट्रोलचा कॅन किती लिटरचा नेऊ, आणि आई म्हणते एकटा जाऊ नकोस, तर तिचं ऐकू का?

माझं पुण्यात गॅरेज आहे. थंडीत लोकांना घेऊन राजस्थान आणि कच्छकडे जातो, मधूनच एकटाही जातो. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत: टायर बदलू नका, कॅन नेऊ नका. कारणं पुढे येतीलच. पण तिन्ही प्रश्नांत मला एक गोष्ट दिसते. तुमच्या डोळ्यांसमोर वाळवंट म्हणजे वाळू आहे. प्रत्यक्षात नाशिक ते जैसलमेर हजार-अकराशे किलोमीटर, तेवढंच परत, वर तिथलं फिरणं. या सगळ्यात तुम्ही हौसेने रस्ता सोडला नाहीत तर चाकाखाली खरी वाळू फारशी येणारच नाही. बाकी सगळं डांबर, आणि ते बऱ्याच ठिकाणी आपल्याकडच्यापेक्षा चांगलं. थरमध्ये माणसं पडतात ती या चांगल्या रस्त्यावर, अंधारात, जनावराला धडकून किंवा कंटाळ्याने डोळा लागून. आणि एकट्याला तिथे मागून हॉर्न मारून 'अरे थांब, चहा घेऊ' म्हणणारं कोणी नसतं. ते काम तुमच्या वेळापत्रकाने करायचं आहे.

म्हणून आधी रजेचा हिशेब. नाशिकहून सापुतारा, सुरत करत पहिल्या दिवशी वडोदरा. दुसऱ्या दिवशी अहमदाबाद ओलांडून डीसा किंवा पालनपूर. वडोदरा–अहमदाबाद एक्स्प्रेसवेवर दुचाकीला मनाई आहे, त्यामुळे आणंद–नडियादवरून जुन्या हायवेने, आणि तिथल्या गर्दीत वेळ जातो. तिसऱ्या दिवशी थराद, सांचोरवरून बाडमेर. चौथ्या दिवशी बाडमेर ते जैसलमेर, दीडशेच्या थोडंसं वर. म्हणजे जायला चार, यायला चार आणि तिथे उरले दोन. पाचव्या दिवशी सकाळी उठल्यावर अंग दुखत असेल आणि तरी तनोटला निघावंच लागेल, कारण सहाव्या दिवसाच्या पुढे जागाच नाही. अशा आखणीत एक पंक्चर, एक पोटदुखी किंवा एक धुक्याची सकाळ आली की माणूस ती वेळ रात्री गाडी चालवून भरून काढतो.

मी तुमच्या जागी असतो तर गाडी जोधपूरपर्यंत रेल्वेने पार्सल केली असती. टाकी रिकामी करून द्यावी लागते, आरसीची प्रत लागते, स्टेशनबाहेर गोणपाटात बांधून देणारे असतातच. गाडी तुमच्या आधी किंवा नंतर पोचू शकते, एवढी एक कटकट. दुसरा पर्याय म्हणजे जैसलमेर किंवा जोधपूरलाच भाड्याने घ्यायची. यात तुमची गाडी, तुमचा प्रवास, घरापासून निघण्याची मजा हे सगळं जातं, हे मला कळतं. ज्याला ते सोडवत नाही त्याने रजा बारा-तेरा दिवसांची करावी, नाहीतर जैसलमेरला पोचून एकच मोठा दिवस धरावा. यातलं काय निवडायचं ते तुमच्या खिशावर आणि साहेबावर अवलंबून आहे.

तुमच्या अंगात किती दम आहे, हेही मला इथून कळणार नाही. त्यासाठी निघण्याआधी एक शनिवार-रविवार काढा. सगळं सामान बांधून नाशिकहून लोणार, मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. साधारण सव्वातीनशे जायला आणि तेवढंच यायला. मराठवाड्यातला सरळ रस्ता थरच्या रस्त्याची चांगली तालीम आहे. सोमवारी सकाळी पुन्हा गाडीवर बसावंसं वाटलं तर तुमचं शरीर तयार आहे. मनगट आणि कंबर बोलायला लागली तर रोजचा टप्पा अडीचशेवर आणा. याच फेरीत सामानाची बांधणी सैल होते का, तेही कळतं.

आता घड्याळ. जैसलमेर देशाच्या पश्चिम टोकाला. डिसेंबरच्या शेवटी तिथे उजाडतं साडेसातच्या सुमारास आणि सूर्य सहाच्या आसपास बुडतो. पण उजाडल्याचा पहिला तास आणि मावळतीचा शेवटचा तास हे दोन्ही वाईट. जाताना तुमचं तोंड वायव्येला, म्हणजे संध्याकाळचा सूर्य डाव्या अंगाने डोळ्यांवर. परतताना सकाळचा सूर्य समोर. त्याच दोन वेळा गुरं, शेळ्या-मेंढ्या आणि उंट रस्ता ओलांडतात. तेव्हा हातात राहतात साडेआठ ते पाच. त्यातून जेवण, चहा, पेट्रोल वजा केलं की जास्तीत जास्त तीनशे-सव्वातीनशे किलोमीटर, आणि एकट्याने त्याहून जास्तीची आखणी करूच नये असं माझं मत आहे. गुजरातमध्ये चौपदरी रस्ता मिळतो म्हणून पहिल्या दिवशी चारशेला हात घालता येतो, पण तो शेवटचा.

जनावरांबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्याकडे गाई-म्हशी आणि कुत्र्यांची सवय असते, उंटाची नसते. उंटाचे पाय लांब आणि धड वर. रात्री हेडलाइटच्या झोतात चार बारीक पाय येतात, ते झुडपाच्या खोडांसारखे दिसतात, आणि डोळे झोताच्या वर राहिल्यामुळे चमकत नाहीत. धडक बसली तर सगळं वजन चालवणाऱ्याच्या छातीवर येतं. स्थानिक लोकही रात्री मोटारसायकल टाळतात, ते उगाच नाही. दिवसा उंट कडेला दिसला की वेग निम्म्यावर आणा आणि तो ज्या दिशेला तोंड करून उभा आहे तिच्या उलट बाजूने, म्हणजे त्याच्या मागून काढा. हॉर्न लांबूनच द्या, जवळ जाऊन नको. मेंढ्यांचा कळप असेल तर सरळ थांबा. एक मेंढी पलीकडे गेली की उरलेल्या सगळ्या जाणारच. राखणारा रायका (तिथल्या पशुपालक समाजाचा) म्हातारा बहुतेक वेळा हात करतो. 'राम राम सा' म्हणा, दोन मिनिटं तेवढीच पाठ मोकळी होते. नीलगाय मात्र दिवसाही झुडपातून तीर सुटल्यासारखी येते. कॅनॉलच्या पाण्याची शेतं सुरू झाली की तिची आठवण ठेवा.

आता वाळू. तनोट ते लोंगेवाला हा टप्पा टेकड्यांमधून जातो आणि वारं असेल तेव्हा रस्त्यावर वाळूची जीभ येते. रस्त्याच्या रंगात आणि तिच्या रंगात उन्हात फरक दिसत नाही, म्हणून चढ संपताना वेग कमी ठेवा; पलीकडच्या उतारावर ती बसलेली असते. दिसली की वाळूच्या आधीच वेग उतरवा, वाळूवर नाही. पुढचा ब्रेक सोडलेला, गाडी सरळ उभी, हँडल हलकं धरलेलं, नजर पलीकडच्या डांबरावर. पुढचं चाक थोडं डुलेल. डुलू द्या. ब्रेक दाबला किंवा हँडल आवळलं की पडलात.

यासाठी बटन टायर लागत नाहीत. उलट गुजरातच्या हायवेवर ते आवाज करतील, झिजतील, आणि अचानक ब्रेक मारायची वेळ आली तर डांबरावर तुमच्या साध्या टायरपेक्षा कमी पकड देतील. तुमचे आत्ताचे टायर निम्म्याहून जास्त झिजले असतील तर तसलेच नवे घाला, बस. हवा रोज सकाळी, गाडी थंड असताना.

जैसलमेरजवळच्या समच्या वाळूच्या टेकड्यांवर गाडी चढवायची इच्छा प्रश्नात लिहिलेली नाही, पण ओळींमधून दिसते. नका चढवू. क्लासिकचं वजन १९५ किलो, वर सामान. मऊ वाळूत मागचं चाक फिरत फिरत चेन बुडेपर्यंत खाली जातं आणि एकट्याने ते बाहेर काढणं म्हणजे सीट-सामान उतरवून, गाडी आडवी पाडून, खड्डा भरून, पुन्हा उभी करणं. क्लचही जळतो, तो वेगळा. समला उंट आहेत, जीप आहेत, त्यांचं पोट त्यावर चालतं. शिवाय त्या बाजूचा मोठा भाग डेझर्ट नॅशनल पार्कचा आहे. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला जो माळढोक आता दिसेनासा झाला, तो उरलासुरला तिथे आहे आणि अंडी उघड्या जमिनीवर घालतो. रस्ता सोडून माळावर गाडी घालणारा माणूस कशावरून जातोय हे त्यालाही कळत नाही.

तरीही गाडी कुठेतरी पडेलच असं धरून चला, बहुतेक वेळा उभी असताना. साइड स्टँड वाळूत हळूहळू रुततो आणि तुम्ही फोटो काढत असताना गाडी झोपते. फळीचा हाताएवढा तुकडा दोरीला बांधून हँडलला अडकवून ठेवा, स्टँडखाली टाकायला. पडलेली गाडी उचलताना आधी इंजिन किल स्विचने बंद, मग पहिला गिअर. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढा, नाहीतर उभी करताना पलीकडे जाते. पाठ सीटला टेकवून, एक हात हँडलच्या टोकाला, दुसरा मागच्या पकडीला, आणि पायांनी मागे ढकलत चाला. कंबरेने उचललीत तर सहल तिथेच संपते. घरी गादी टाकून एकदा करून बघा.

पेट्रोलचा हिशेब असा. तुमची टाकी १३ लिटरची. तीसचं ॲव्हरेज धरलं तरी साडेतीनशेच्या वर जाते. जैसलमेर ते रामगड साधारण ६५, रामगड ते तनोट ५५, तनोट ते लोंगेवाला ४०, तिथून परत रामगड ४५ आणि जैसलमेर ६५. मिळून २७०. जैसलमेरला टाकी भरा, रामगडला जाताना पुन्हा भरा आणि त्यापुढे पंपाची आशा धरू नका. कॅनची गरज कुठे आली? सॅडलबॅगमध्ये प्लॅस्टिकच्या कॅनमधलं पेट्रोल उन्हात फुगतं, वास कपड्यांना लागतो, आणि पडलात तर तेच सगळ्यात धोक्याचं. लहान टाकीची गाडी असती किंवा रामगडवरून आत कच्च्या रस्त्याने जायचं असतं तर वेगळं बोललो असतो. कॅनची जागा पाण्याला द्या. थंडीत तहान लागत नाही आणि कोरड्या हवेत पाणी मात्र जात राहतं. दुपारी डोकं जड झालं की लोक त्याला थकवा म्हणतात. जैसलमेरहून निघताना चार-पाच लिटर असू द्या. सीमेकडच्या गावांतलं बोअरचं पाणी खारट लागतं, पोट बिघडायला तेवढं पुरे.

तुमची खरी अडचण पंक्चर आहे, कारण तारांच्या चाकात ट्यूब असते. वाळवंटात खिळे कमी, काटे जास्त. आपल्याकडची वेडी बाभूळ तिथेही सगळीकडे पसरली आहे, तिच्या फांद्या शेतकरी कुंपणाला लावतात आणि काटे रस्त्याच्या कडेला येतात. फोटोसाठी गाडी कडेला घेताना खाली बघा. पुढची-मागची एकेक ट्यूब, तीन टायर लिव्हर, मागच्या ॲक्सलचा पाना आणि हातपंप किंवा बॅटरीवरचा पंप हवाच. ट्यूब बदलायला घरी शिका, एकदा नाही तर हात बसेपर्यंत. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. काट्याचं टोक मोडून रबरात राहिलेलं असतं, डोळ्याला दिसत नाही, पण फडक्याचा दोरा त्याला अडकतो. ते टोक पकडीने बाहेर काढल्याशिवाय ट्यूब घातलीत तर पाच किलोमीटरवर पुन्हा तोच कार्यक्रम. घाईत माणसं नेमकं हेच विसरतात, आणि दुसरी ट्यूब त्यांच्याकडे नसते.

बाकी गाडीचं निघण्याआधी: क्लच केबल नवी टाकून जुनी, चालू असलेली, सोबत ठेवा. एअर फिल्टर नवा, चेन-स्प्रॉकेट शंका असेल तर नवं. चेनला जाड तेल थापू नका. त्यावर वाळू बसते आणि सँडपेपरचं काम करते. संध्याकाळी चेन गरम असताना पातळ थर लावा आणि वरचं पुसून टाका. फ्यूज, एक प्लग, चेनची लिंक, तार, टेप. आणि सामान करकचून आवळायचे दोन रॅचेट पट्टे. हे कशाला? आजच्या इंजेक्शनच्या गाडीचा फ्युएल पंप किंवा सेन्सर गेला तर रस्त्यावर मीही काही करू शकत नाही. तेव्हा गाडी पिकअपमध्ये घालून जैसलमेरला आणायची. तिकडे प्रत्येक गावात 'कॅम्पर' म्हणजे मागे हौदा असलेली बोलेरो असते. माणसं मदतीला येतात, गाडी आडवीही नेतात. बांधायला धड काही नसतं एवढंच.

बंद पडलात तर गाडीजवळच थांबा. तनोट–लोंगेवाला रस्त्यावर बीएसएफची, सीमा सडक संघटनेची किंवा पर्यटकांची गाडी दिवसा येतेच. टेकडीपलीकडे गाव दिसतंय म्हणून रस्ता सोडून चालत निघू नका. वाळूत एक किलोमीटरला किती वेळ लागतो हे चालल्यावरच कळतं. रामगडपुढे मोबाइलची रेंज येते-जाते, नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. आणि एक कळकळीने: अमेरिकेतल्या मित्राकडून सॅटेलाइट मेसेंजर किंवा सॅटेलाइट फोन उसना आणू नका. बाहेरच्या देशांत एकटे फिरणारे तो सर्रास वापरतात, पण आपल्याकडे परवानगीशिवाय ते उपकरण बाळगणंच बेकायदेशीर आहे, आणि तुम्ही तर पाकिस्तानच्या सीमेलगत जाताय. ड्रोनही नको. तनोट मंदिर आणि लोंगेवालाचं युद्धस्मारक भारतीय पर्यटकांना खुलं आहे. तनोटच्या पुढे सीमेकडे जायला परवानगी लागते. मूळ ओळखपत्र खिशात ठेवा. लष्कराचा ताफा दिसला तर मध्ये घुसू नका आणि फोटो काढू नका. तनोटला १९६५ च्या युद्धात न फुटलेले बॉम्ब मंदिरातच ठेवलेले आहेत, ते निवांत बघा. लोंगेवालाला डिसेंबर १९७१ ची लढाई जिथे झाली तिथे उभं राहिलं की उघड्या वाळूत रणगाडे आकाशातून किती सहज दिसले असतील ते समजतं. सकाळी साडेआठला जैसलमेर सोडलंत तर दोन्हीकडे पुरेसा वेळ मिळतो आणि पाचच्या आत परत येता.

थंडीला लोक हसतात. वाळवंटात थंडी? पहाटे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि ऐंशीच्या वेगाला बोटं बधिर होतात, क्लच सुटतो की धरलाय हेच कळत नाही. दुपारी पंचवीस. त्यामुळे एक जाड जॅकेट नको, तीन पातळ थर घ्या. रेनसूट न्या, पावसासाठी नाही, वारा अडवायला वरून घालायचा. तोही कमी पडला तर छातीवर जॅकेटच्या आत वर्तमानपत्र. जुनी युक्ती आहे, आणि सकाळी चहाच्या टपरीवर फुकट मिळते.

आता आई. तिचं 'जाऊ नकोस' हे मला बरोबर वाटत नाही, पण तिची भीती बरोबर आहे. तिला भीती वाटते ती फोन न लागण्याची. मग तेच सोडवा. रोज सकाळी निघताना आणि मुक्कामाला पोचल्यावर असे दोन फोन, आणि तनोटच्या दिवशी आधीच सांगून ठेवायचं की दहा ते चार फोन लागणार नाही, साडेपाचपर्यंत आला नाही तर या हॉटेलच्या नंबरवर फोन कर. हॉटेलवाल्यालाही कुठे जाताय ते सांगा. जैसलमेरची माणसं खरंच वाट बघतात. रक्तगट, घरचा नंबर आणि औषधांची ॲलर्जी लिहिलेला कागद जॅकेटच्या आतल्या खिशात, मोबाइलमध्ये नाही. अपघात झाला तर ११२. मोठ्या उपचारांसाठी जोधपूर गाठावं लागतं, ते जैसलमेरहून पावणेतीनशे किलोमीटरच्या पलीकडे आहे, म्हणून आरोग्य विमा चालू आहे का ते निघण्याआधी बघा.

ज्याने लोणारची फेरी केली, ट्यूब बदलायला शिकला आणि पाच वाजता गाडी लावायची तयारी ठेवली, त्याला मी एकट्याने जा म्हणेन. यातलं एखादं जमत नसेल तर या वर्षी सोबत शोधा.

गुजरातबद्दल दोन गोष्टी राहिल्या. एकतीस डिसेंबरच्या आसपास तिथल्या नाक्यांवर बॅगा उघडायला लावतात. दारूबंदी आहे, सामानात बाटली नको, रिकामीही नको. आणि तुम्ही परत याल तेव्हा उत्तरायण, म्हणजे तिथली संक्रांत, जवळ आलेलं असेल. अहमदाबाद, आणंद, वडोदरा, सुरत, सगळीकडे पतंग उडत असतात आणि तुटलेला मांजा रस्त्यावर गळ्याच्या उंचीवर आडवा येतो. तिथले दुचाकीवाले हँडलवर तारेची कमान बसवतात. अहमदाबादला शिरण्याआधी मिळाली तर बसवून घ्या, नाहीतर जाड मफलरचे दोन वेढे गळ्याला, हेल्मेटची काच खाली आणि शहरातून चाळीसच्या वर नाही.